लाल बाटली

खडेबाजारातल्या दुकानात चौदा प्रिंटर मांडलेले,
चौदाही पांढरे नाहीतर काळे.
"रंगीत म्हणाली होतीस की गं," मामंजी म्हणाले.

मी घरून ठरवून निघाले होते.
वायर नको. (विजेची एक राहतेच, ती धरली नाही.)
मोबाईलवरून चालला पाहिजे,
कारण गिऱ्हाइकं ब्लाउजचे गळे फोनवर धाडतात
रात्री साडेअकराला, अनगोळहून, हिंडलग्याहून,
एक तर पार चंदगडहून,
आणि कापताना माझ्या बोटांना खडू,
गळा वळणावर आला की स्क्रीन विझते.
शिवाय थोरल्याचा प्रोजेक्ट कन्नडात,
नणंदेच्या लेकीचा बायोडाटा मराठीत,
घराचा उतारा ज्या खिडकीत द्यायचा त्या खिडकीच्या भाषेत.

दुकानातला पोरगा गुरुसिद्ध.
"नोडरी अक्का, हा काट्रिजचा, स्वस्त.
हा टाकीचा. आज चार हजार जास्त जातंय,
पण मग पान काढताना जीव खालीवर होत नाही."

मामंजींनी ऐकलंच नाही. त्यांनी टाकीच्या शाईच्या बाटल्या
एकेक करून उजेडाकडं धरल्या.
काळी. पिवळी. एक निळसर. एक गुलाबी.
"लाल कुठाय?"
"लाल लागत नाही, अज्जा. मशीन करतंय."
"मशीन करतंय,"
ते म्हणाले, जसं कुणी सांगावं
की भात आपला आपण शिजतोय.

बत्तीस वर्षं वडगावात त्यांनी सूत रंगवलं.
नखांच्या मुळाशी अजून काहीतरी जांभळं आहे
जे साबणाचं ऐकत नाही.
"पिवळ्यात आधी. मग गुलाबी.
हौदापाशी बोलायचं नाही.
बिडी पेटवायला वळलास की लालाचं विटकरी,
आणि शनिवारी पगारात खाडा."

चाचणीचं पान निघालं: पोपट, फुगे, कुणा गोऱ्या बाईचे ओठ.
ते पान घेऊन रस्त्यावर गेले, उन्हात.
ट्यूबलाइट खोटं बोलते, हे त्यांचं जुनं मत.
एक रिक्षावाला थांबला, त्यालाही दाखवलं.
"पोपट बरा आलाय. ओठ फसलेत."

मी माझ्या फोनवरून एक ऑर्डर पाठवली:
बाही कोपरापर्यंत, पाठीला गोंडे, खाली घोळ.
घोळमधल्या ळच्या जागी चौकोन आला.
रिकामा, चार भिंतींचा.
गुरुसिद्ध ओशाळला. "ळ आमच्यात पण आहे," म्हणाला,
आणि त्यानं कन्नडात गावाचं नाव लिहून पाठवलं.
तिथंही चौकोन.
दोघांचा अपमान एकदमच झाला,
आणि त्या कंपनीला दोघांनी मिळून नाव ठेवलं,
मी माझ्या भाषेत, तो त्याच्या.

तिसऱ्यानं दोन्ही ळ काढले. तोच घेतला.
पैसे मोजताना पोरगा म्हणाला,
"आठ दिवसांतून एक तरी रंगीत पान काढा, अक्का.
नाहीतर शाई तोंडाशी सुकतंय."
मामंजी पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट बघून बोलले:
"निळीचा हौद पण तसाच. रोज ढवळायचा.
सणाच्या दिवशी पण.
माझ्या लग्नादिवशी मी ढवळून आलोय."

खोकं मांडीवर घेऊन ते रिक्षात बसले.
रेल्वे फाटक बंद होतं. काही बोलले नाहीत.

रात्री माझे सहा गळे छापून झाले,
पानगळा, मटका, एक चौकोनी.
उठणार तेवढ्यात ते दाराशी:
"नुसता लाल काढ. अक्षर नको, चित्र नको.
पानभर."
मशीन कुरकुरलं, बराच वेळ घेतला.
कागद ओलसर निघाला, कडा वर वळलेल्या.
त्यांनी पाकिटातून काठाचा एक तुकडा काढला,
बोटभर, घडीवर झिजलेला. कुणाच्या लुगड्याचा, मी विचारलं नाही.
तो पानावर ठेवला. सरकवला. पुन्हा ठेवला.

"जरा पिवळा कमी पडतोय," ते म्हणाले.
मला नव्हे, मशीनला.
मग वाट बघत उभे राहिले.